खोलीपुरती मावशी

तिला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. चहासुद्धा उभ्यानं पिते, तोही अर्धाच. उरलेला केंद्राच्या खिडकीत गार होत राहतो. मुलं तिला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे भिंगरी. तिला दोन्ही नावं ठाऊक आहेत.

केंद्र सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. अठरा पुरी झाली म्हणून अनाथाश्रमातून बाहेर पडावं लागलेल्या मुलामुलींसाठी. नोकरी शोधायला मदत, आजारपणात सोबत आणि एकविसाव्या वर्षापर्यंत शेजारच्या वसतिगृहात एक खाट. पुढे खाट सोडायची. का, तर नियम! एकविसाव्या वाढदिवसाला माणसाला आपोआप आईबाप फुटतात, अशी नियम करणाऱ्यांची समजूत असावी. मी आठवड्यातून एकदा तिथं इंग्रजी शिकवते, म्हणून हे सगळं जवळून दिसतं.

भिंगरीनं पूर्वी बरीच वर्षं एका लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. केंद्रात तिला नेमलं ते साफसफाईला. पण थोड्याच दिवसांत तिला कळलं, की ह्या मुलांचा पगार चांगला असला तरी त्यांना कोणी खोली देत नाही. घरमालक विचारतो, "घरचं कोणी?" आणि पोरगं जमिनीकडे बघत राहतं. मग तीच जाऊ लागली. कोणाची मावशी, कोणाची आत्या. एकाची तर मामी झाली, कारण तो म्हणाला, मला मामीच हवी. केंद्राच्या साहेबांनी कानाडोळा केला. खोटं होतंच ते, पण पोरं छपराखाली जात होती.

ह्या खेपेला चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी होती. मोजकं बोलणारी. महिनाअखेरीला तिनं खाट सोडायची होती आणि तिच्या जागी येणारीची पेटी आधीच वसतिगृहाच्या बोळात येऊन पडली होती. येता-जाता हिच्या नडगीला लागायची. बरेच नकार पचवल्यावर एका निवृत्त मास्तरांच्या घरावरची खोली मिळण्यासारखी होती. वेगळा जिना, आतून कडी, खिडकीला धड गज. एकट्या मुलीला आणखी काय हवं? पुढचं मला दोघींनी सांगितलं. मुलीनं थोडक्यात, भिंगरीनं हातवारे करत.

वाटेत भिंगरीनं तिला पढवलं. "मी तुझ्या आईची धाकटी बहीण. काय?"

"थोरली वाटता."

"बरं बाई, थोरली! तोंड आहे म्हणायचं तुला."

मास्तरांनी दोघींना बसवलं, म्हणजे मुलगी बसली. भिंगरी भिंतीची ओल बघत खोलीभर फिरत होती. बोलणं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात पाणी घेऊन सून आली आणि दारातच थबकली.

"अय्या, तुम्ही! माझ्या माहेरी वरच्या खोलीत तो गॅरेजमधला मुलगा राहतो, त्याच्या आत्या ना?"

"हो, हो. आत्या त्याची, मावशी हिची. गोतावळा मोठा आहे आमचा."

"पण तेव्हा तर म्हणाला होतात, मी आणि माझा भाऊ, दोघंच भावंडं. आईला रडू आलं होतं ऐकून."

"मग ही बहीण कुठून उगवली?" मास्तरांनी विचारलं.

भिंगरीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्या दिवशी ते मुलीनं दिलं.

"नाहीत ह्या माझ्या कोणी. मी आश्रमात वाढले. ह्या केंद्रातल्या बाई आहेत. खोली मला हवी आहे, म्हणून त्या खोटं बोलल्या."

मास्तर दुष्ट नव्हते, घाबरट होते. म्हणाले, "उद्या तू तापानं फणफणलीस, तर मी कोणाचं दार ठोठावायचं?"

"केंद्राचं," भिंगरी म्हणाली.

"ते संध्याकाळी बंद होतं. तुम्हाला घर आहे ना? चला, दाखवा."

आता मात्र पंचाईत झाली. तिनं कोणत्याच मुलाला कधी घरी नेलं नव्हतं. नवरा घड्याळजी. दुकान घरातच, पुढच्या खोलीत. माणूस अबोल, गडबड त्याला खपत नाही. तो 'ही कोण?' म्हणाला की खेळ खलास. रस्त्यात ती चार पावलं पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे.

"अहो, जरा हळू," मास्तर धापा टाकत होते.

"मला नका सांगू, पायांना सांगा."

धावत वर जाऊन नवऱ्याच्या कानात कुजबुजायचा तिचा बेत होता. पण मास्तर जिन्यात तिच्या पदराएवढ्या अंतरावर होते. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "ह्या मुलीला ओळखता का?"

नवऱ्यानं चिमटा खाली ठेवला. मुलीकडे नीट बघितलं.

"नाही."

भिंगरीनं डोळे मिटले.

"तुमच्या बायकोची भाची म्हणून आली होती माझ्याकडे!"

"मग असेल. हिचे भाचे मी मोजत नाही."

"चेष्टा नको. हिला काही झालं आणि मी इथं आलो, तर तुमच्या मंडळी भेटतील का?"

"ती? ती मला भेटत नाही, तुम्हाला काय भेटणार! मी भेटेन. दिवसभर इथंच असतो. रात्री कडी वाजवा, माझी झोप सावध आहे." मग मुलीला म्हणाला, "पोरी, दुखलं-खुपलं तर निरोप धाड. येईन मी."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, बसून बसून गुळगुळीत झालेल्या त्याच्या स्टुलाकडे बघितलं. कोणत्याही आत्या-मावशीपेक्षा त्यांना ते स्टूल पटलं असावं.

"रविवारी सामान आण," ते मुलीला म्हणाले. "आणि जिन्याचं दार आपटायचं नाही."

भिंगरी मात्र पुन्हा चपला घालत होती.

"आता कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

"गॅरेजवाल्याकडे. ह्यांची सून एव्हाना माहेरी फोन करत असेल. त्याला काढायच्या आत तिथं खरं सांगायला हवं."

"थांब, मीही येतो. दार कोणाचं ठोठावायचं, ते तिथंही विचारतील."

"अहो, आत्ताच म्हणालात ना, दिवसभर इथंच असतो!" मास्तर ओरडले.

"मी बसते तोवर दुकानात," मुलगी म्हणाली.

भिंगरी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि नवऱ्याला अजून दुसरी चप्पल सापडत नव्हती.