सोन्याची सुई

श्यामकांत टिपणीस वाईट माणूस नाहीत, असं आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि मला त्या माणसाची किळस येते.

आम्ही कलकत्त्यातल्या भवानीपूरचे जुने, माझा जन्मसुद्धा इथलाच. टिपणीस पुण्याहून बदलून आले ते अठ्ठेचाळीसच्या शेवटी. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात साहेब, बरोबर बायको वृंदा, आणि तिच्या कडेवर तान्हा विजय. सकाळी उघड्या अंगानं गॅलरीत उभं राहून दात घासायचे आणि असं खाकरायचे की माझा चहा कपातच राहायचा. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचे चार वण, रुपयाएवढे. ते मला रोज दिसायचे, म्हणून मुद्दाम सांगते.

टिपणिसांच्या घरात एक रीत होती. जावळ निघेपर्यंत मुलाच्या अंगाला लोखंड लागता कामा नये, आणि जावळ काढायचं ते कोकणात, कुलदैवतापुढे, विषम वर्षीच. पहिल्या वर्षी फाळणीच्या हिशेबांपायी साहेबांना रजा मिळाली नाही. दुसरं वर्ष सम, म्हणजे चालत नाही. तोवर विजयचे केस मानेवर आले. त्याची नखं वृंदा दातांनी कुरतडून काढायची. बी.ए. झालेली मुलगी, जिन्यात बसून पोराची बोटं तोंडात घालून नखं थुंकायची. मला बघवत नसे.

एकदा मी विचारलंच, "श्यामकांतराव, देवी कधी टोचणार याला?"

"जावळ झालं की."

"पण कान टोचलेत ना त्याचे?"

"वहिनी, ते सोन्याच्या तारेनं. सोनं वेगळं, लोखंड वेगळं."

"आणि तुमच्या दंडाला काय लावलं होतं?"

"माझं जावळ आधी झालं होतं," असं म्हणून ते हसले. वादात जिंकल्यावर हसायचे तसे.

एक्कावन्न साली होळीच्या आधी देवीची साथ आली. बंगाली लोक या रोगाला 'वसंत' म्हणतात आणि आपण 'देवी'. इतक्या ओंगळ दुखण्याला इतकी गोड नावं! शेजारच्या गल्लीतून दोन पोरं उचलून इस्पितळात नेली. साहेबांच्या कचेरीत सगळ्यांना पुन्हा टोचलं. साहेब सुजलेला दंड घेऊन घरी आले, शेक घेत पडले आणि दोन दिवस बायकोकडून मऊ भात करून घेतला. स्वतःला टोचून घेतलं! पोराला मात्र नाही, जावळासाठी वैशाखात रजा मंजूर झाली होती ना.

वृंदा खाली आली ती रडतच. "सरलाताई, वैशाखापर्यंत मी काय करू? सासूबाईंना लिहिलं, तर त्या म्हणतात धीर धर. हे म्हणतात, आईचं मन मोडायचं नाही."

मी म्हटलं, "उद्या टोचणारा आपल्या गल्लीत येतोय. मुकाट्यानं खाली घेऊन ये. पोराला मी धरते."

आली नाही. त्याऐवजी तिनं एक तोड काढली, आणि ती साहेबांना फार पसंत पडली. माहेरची कुडी मोडून तिनं गल्लीतल्या सोनाराकडून सोन्याची सुई करवून घेतली. सोन्यानं टोचलं म्हणजे रीतही राहिली आणि लसही झाली! साहेब मला म्हणाले, "बघा, अक्कल लागते." मला शिसारी आली. म्हटलं, कशानं का होईना, टोचू दे.

टोचणारा बंगाली. सुई बघून त्यानं कपाळाला हात लावला. "शोनार शूच? ना, ना!" साहेब त्याच्यावर इंग्रजीतून ओरडले, तेव्हा बिचाऱ्यानं लस लावली आणि टोचायला गेला. सोनं मऊ, टोक वाकलं. विजयच्या दंडावर धड ओरखडाही उठला नाही. टोचणारा जाताना वृंदाला सांगून गेला, की फोड आला नाही तर काही झालं नाही असं समजा, पुन्हा आणा, लोखंडाची सुई चालवून घ्या.

फोड आला नाही. वृंदा रोज दंड उघडून बघायची, मलाही दाखवायची. गोरापान, स्वच्छ दंड. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पुन्हा टोचू या ना."

"टोचलं की नाही? मग झालं. आता वैशाख काय लांब आहे?"

वैशाखाच्या आधीच विजयला ताप भरला. अंगावर फोड उठले, डोक्यात, तोंडात, पापण्यांच्या आतसुद्धा. घरभर जो वास सुटला तो अजून माझ्या नाकात आहे. इस्पितळात नेल्यावर त्यांनी आधी त्याचं डोकं भादरलं, केसांत पू चिकटून गठ्ठे झाले होते. साहेब तोंडाला रुमाल लावून फाटकाबाहेर उभे. वृंदा बाहेर आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"केस कुणी गोळा केले का?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वस्तरा लोखंडाचा होता." एवढंच.

पोरगा जगला. डोळे गेले, दोन्ही. मंडळात साहेब सांगत फिरले, "देवीची कृपा, जीव तर वाचला." बायका माना डोलवायच्या. त्या बायकांच्या हातचा चहा मी सोडला तो तेव्हापासून.

वृंदा पुन्हा जिन्यात बसू लागली. आता कात्री घेऊन, लोखंडाची. विजय हात पुढे करायचा आणि ती एकेक नख कापायची, नवरा जिना चढताना दिसला तरी थांबायची नाही.

इस्पितळातलं जावळ धरायचं नसतं म्हणे. पाचव्या वर्षी रजा काढून साहेब पोराला कोकणात घेऊन गेले, वाजतगाजत जावळ केलं, जेवणं घातली. वृंदा गेली नाही. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात. मागे विजय, तुळतुळीत डोक्यानं, भिंत चाचपत उभा.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा," साहेब समाधानानं म्हणाले. "एक काळजी मिटली. आता लस टोचायला काही हरकत नाही."

विजयच्या गालावर हात फिरवून मी त्याला आत घेतलं. पेढा मी त्या माणसाच्या देखत गटारात टाकला. अन्न टाकू नये हे मलाही कळतं.