मीटरवरचं चुंबक

आमच्या ह्यांची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. चोरांचे कागद रोज हातातून जायचे, पण ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. अशा माणसाने सत्तरी उलटल्यावर वीज चोरायला घेतली. ती विद्या त्यांना मोबाइलने दिली.

मुलगा पुण्याला असतो. त्याने नवा फोन घेतला आणि जुना ह्यांना दिला. तेव्हापासून ते खुर्चीत बसून छोटे छोटे व्हिडिओ बघायचे. अंगठ्याने वर सरकवलं की पुढचा. जेवायला हाक मारली तरी "हा एवढा संपू दे" म्हणायचे, आणि ते काही संपायचं नाही.

एके दिवशी जुन्या रेडिओचा कर्णा मोकळा करून ठेवलेला दिसला. आतलं चुंबक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "खराबच होता." दोन दिवसांनी जिन्याखाली केरसुणी घ्यायला गेले, तर मीटरच्या पेटीला ते चुंबक चिकटलेलं, वर माझ्या परकराच्या नाडीने बांधलेलं. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात म्हणून आम्ही मीटरला लोखंडी पेटी करून घेतली आहे. तिच्या दारावर हा उद्योग.

"हे काय आहे?"

"त्याने मीटर हळू फिरतो. व्हिडिओत दाखवलंय."

"म्हणजे चोरी."

"चोरी कसली? इतक्या लोकांनी पाहिलंय, पसंत केलंय. ते सगळे काय चोर आहेत?"

"तुम्ही कोर्टात होतात ना?"

"कोर्टात नकला करत होतो, निकाल नव्हतो देत."

मी नाडी सोडायला हात घातला, तेवढ्यात समोरची भाभी गच्चीवरून ओरडली, "अम्माजी, चेकिंगवाले आ गए! पीछे की गली में एक को पकड़ लिया!" आमच्या स्नेहलतागंजात खबर माणसाच्या आधी पोचते. ह्यांचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. पकडले गेले तर केस होणार, आणि ज्या कोर्टात आयुष्य काढलं तिथेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. नाडीची गाठ काही सुटेना.

आणि मग हे हळूच म्हणाले, "आपण सांगू, वरच्या मुलीने लावलं."

वर आमची भाडेकरू राहते. जवळच्या देपालपूरची मुलगी, इस्पितळात नर्स आहे. मला ताप आला तेव्हा तो उतरेपर्यंत रोज ड्यूटीवरून आल्यावर आधी माझ्याकडे यायची. घराला मीटर एकच, म्हणजे कोणी म्हटलं तर खरंही वाटावं.

"हे कुठे शिकलात?"

ते म्हणाले, "त्याच माणसाचा दुसरा व्हिडिओ होता. पकडले गेलात तर काय सांगायचं."

चोरीचा मला राग आला होता. ह्याची मात्र किळस आली. पोरीची नोकरी जाईल, बदनामी होईल, आणि हे खुर्चीत बसून अंगठा फिरवणार! मी विळी आणली, नाडी कापली, चुंबक ओढून काढलं आणि हातात घेऊन दारातच उभी राहिले. हे मागून म्हणत होते, "अगं आत ये, लपव ते, आत ये!" मी ऐकलं नाही.

वीज कंपनीचा साहेब आला. तरुण होता, मराठी निघाला. मी चुंबक पुढे केलं. "हे आमच्या ह्यांनी लावलं होतं. बाकी कोणाचा संबंध नाही. काय चोरलंय ते बघा आणि काय करायचं ते करा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पेटी उघडून मीटरला यंत्र जोडलं. बराच वेळ आकडे बघत होता. हे भिंतीला धरून उभे. मी चुंबक खाली ठेवलं नाही.

"काकू, काहीच झालेलं नाही," साहेब म्हणाला. "मीटरच्या जवळ चुंबक आलं तर त्यात नोंद होते. इथे एकही नोंद नाही. लोखंडी पेटीच्या बाहेर लावलंत, तर मीटरला पत्ताही नाही लागला."

मी खालीच बसले.

साहेबाने चुंबक जप्त केलं आणि ह्यांना चांगलं झापलं. "काकाजी, ह्या उमरमध्ये? आतून लावलं असतं तर आत्ता तुम्हाला वकील शोधावा लागला असता." हे मान खाली घालून "हो जी, हो जी" करत होते. बाहेर पडताना साहेबाचा मदतनीस हसून ह्यांना म्हणाला, "भिया, चोरी भी ढंग से नहीं आई!" मला कोणाचं हसणं एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

संध्याकाळी पोरगी ड्यूटीवरून आली. मी ह्यांना वर पाठवलं. म्हटलं, तिचं नाव घेणार होतात ते तिला स्वतः सांगा. जिना चढायला त्यांनी बराच वेळ घेतला. मी खाली कणीक मळता मळता कान देऊन होते. मग ती म्हणाली, "काकाजी, आप मेरा नाम लेते?" माझा हात कणकेतच राहिला. ते काहीतरी पुटपुटले. थोड्या वेळाने भांड्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "बैठिए, चाय तो पीके जाइए."

मी कणीक मळून टाकली.