पाटीत न बसलेली चार बोटं

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडतात तिथे, दरांची पाटी लावणारा आमच्या पंचक्रोशीतला पहिला माणूस मी. दुसरा अजून कोणी झालेला नाही, यावरून काय ते समजा.

आमच्याकडे गणपतीचे पैसे देतात, पण गणपती विकत घेत नाहीत. नागपंचमीच्या आधी प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देतं, वर नारळ आणि विडा. त्याच पाटावर मूर्ती घडते. चतुर्थीला ती डोक्यावर घेऊन जाताना घरचे लोक मूर्तीच्या जागी नारळ, थोडे तांदूळ आणि पानात गुंडाळलेल्या नोटा ठेवतात. किती, ते त्यांनी ठरवायचं. पान त्यांच्यादेखत उघडायचं नाही. माझे वडील कधी पानाकडे बघतही नसत. मी फक्त चाचपून बघतो.

चाचपून चाचपूनच माझं डोकं फिरलं. माती महागली, रंग महागले, आणि खाडीकाठी रिसॉर्ट बांधलेल्या आमच्या एका गाववाल्याचं पान मात्र त्याच्या आजोबांच्या वेळेइतकंच सडपातळ. वर मी मूर्तीचे डोळे आखताना तो मोबाइलवर शूटिंग करणार आणि रिसॉर्टच्या जाहिरातीत लावणार. त्यात कणकवलीला कलाकारांच्या एका शिबिरात गेलो. ‘आपल्या कलेची किंमत आपणच ठरवा,’ असं तिथे एक जण म्हणाला. मला इतका जोर चढला की परतीच्या एसटीत सीट रिकामी असून ओरोसपर्यंत उभाच होतो.

दुसऱ्या दिवशी पाटी भिंतीवर. फुटाला अमुक, दागिन्यांचे तमुक, डोळ्यांच्या आखणीचे वेगळे.

बायकोने कमरेवर हात ठेवून वाचली. “डोळ्यांचे वेगळे? मगे आंधळो गणपती कितक्याक देतलास?”

डोळ्यांची ओळ खोडली. बाकीची पाटी राहिली.

रिसॉर्टवाला खूश झाला. “बरां केलंस रे. दरवर्षी किती ठेवूचे ह्याचोच ताप होतो.” पाटीप्रमाणे पैसे तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले. पानापेक्षा कितीतरी जास्त. मी जिंकलो. मग चतुर्थीला मूर्ती उचलून तो तसाच निघाला. मी रिकाम्या जागेकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. “पाटयेर नारळ खंय लिवलोहा?” म्हणाला, आणि गेला.

पण ते चतुर्थीचं. माझी खरी फजिती त्याच्या महिनाभर आधीच सुरू झाली होती.

वेंगुर्ल्याच्या काजू फॅक्टरीत काजू फोडायला जाणारी एक काकी आहे. नवऱ्याच्या वेळेपासून तिच्याकडे दोन फुटांचा गणपती. तिचं पान एवढं जाड असायचं की चाचपायची मला लाज वाटायची. त्या वर्षी ती आली ती काखेत छोटासा, नवाकोरा पाट घेऊन.

“काकी, ह्यो खंयचो पाट?”

“आमचोच. पाटी वाचलंय. माका फुटाचो परवाडता.”

“अगो, ती पाटी तुज्यासाठी नाय!”

“मगे कोणासाठी? नाव लिवलंस काय कोणाचां?”

चार दिवस मी मातीचा गोळा घ्यायचो आणि ठेवायचो. चहा गार व्हायचा. पाचव्या दिवशी तिच्या घरी गेलो, जुना पाट मागायला. ती पायरीवर बसली होती, बोटं काजूच्या डिंकाने काळी पडलेली. पाट माळ्यावर गुंडाळून ठेवलाय म्हणाली, पण उठली नाही.

“दर ऱ्हवांदे काकी. दरवर्षीसारखां कर.”

“काजी फोडूचो दर माका कोण विचारून लावता काय रे झिला? तुका तुजो लावूक गावलो, तर तू माका बघून पुसूक निघालंस?” मग जरा मऊ आवाजात, “तुजां काम माका ठाऊक आसा. म्हणानच फुकट नको.”

मी माफी मागायला गेलो होतो, आणि बाई माझ्याच बाजूने बोलत होती. घरी येताना चप्पल तिच्या अंगणात राहिली, हे मला पाणंदीतला खडा टोचल्यावर कळलं.

तिची मूर्ती करायला बसलो. फुटावर खूण केली. पण त्या घरच्या गणपतीचे खांदे माझ्या हातांना पाठ. माती खुणेच्या वर गेली. कापायला तार घेतली, तीनदा घेतली, तीनदा खाली ठेवली.

चतुर्थीला काकीने मूर्तीला वीत लावली. मग पुन्हा लावली.

“चार बोटां जास्त आसत.”

“माती फुगली गो काकी.”

पंचवीस वर्षं मी मातीत हात घालतोय, आणि माती सुकताना आकसते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“सुकल्यार फुगली? तुजो बापूस आसतो तर कानफटीत दितो.” तिने पान काढलं आणि जे कोणी करत नाही ते केलं, माझ्यासमोर उघडलं. “मोजून घे. फुटाचे आसत.”

मी मोजले. न मोजून सांगतो कोणाला? मग तिने मूर्तीच्या जागी तांदूळ ठेवले, आणि वर नारळ.

“पाटयेर नारळ नाय गो काकी,” मी पुटपुटलो.

“तुजी चार बोटां तरी खंय आसत?” म्हणाली, आणि देव डोक्यावर घेऊन चालायला लागली.

आता पुन्हा पाट यायचे दिवस आलेत. पाटी काढली तर रिसॉर्टवाला आजोबांच्या पानावर येणार. ठेवली तर काकी तोच लहान पाट घेऊन येणार. सकाळपासून तीनदा स्टुलावर चढलो नि उतरलो. बायको म्हणते, पाटी काढा नायतर ठेवा, पण स्टूल माका व्हया.