रडण्याची खुर्ची

भावनेला घरात ठरलेली जागा नेमून देणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. बायकोचे हे मामा विरार पूर्वेला, चंदनसारला राहत. बैठकीच्या खोलीत समोरासमोर दोन लाकडी खुर्च्या होत्या, त्या कामाच्या. गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, नायलॉनच्या पट्ट्यांची एक घडीची खुर्ची होती, ती रडण्याची. ही वाटणी मामांनी स्वतः केली होती आणि तिच्यात बदल होत नसे.

मामा एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत. मामा मुंबईला जाऊन कसलासा अभ्यासक्रम करून आले आणि प्रोफेशनल कोच झाले. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि चंदनसारला कोचिंग म्हणजे दहावीचं गणित, एवढंच ठाऊक होतं. आलेल्या पालकांना मामा शांतपणे समजावत की आपण शिकवत नाही, सल्लाही देत नाही, फक्त प्रश्न विचारतो. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "मग शिकवणार कोण?" मामांना हा प्रश्न फार आवडला. "बघा, तुम्हाला जमतंय," ते म्हणाले.

प्रश्नांची सवय इतकी, की चहात साखर कमी पडली तरी ते साखर मागत नसत. "या चहाकडून तुझी काय अपेक्षा होती?" असं मामींना विचारत. मामी म्हणत, "तुम्ही तो गप प्यावा, एवढीच." पण माणूस लाख. साहेबाला कंटाळलेले, बढतीने घाबरलेले, असे कितीतरी जण रविवारी सकाळी त्यांच्याकडे येत. नियम एकच, बोलणं कामाचं. समोरच्याचा आवाज जरा कापरा झाला की मामा हात वर करत. "थांबा. हे बाहेर." मग त्याला गॅलरीत बसवत, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवत, दार लोटून घेत आणि आत येऊन पेपर वाचत. डोळ्यांत पाणी असताना माणसाला पुढचं दिसत नाही, आणि कोचिंग म्हणजे पुढचं बघणं, असं त्यांचं शास्त्र होतं.

एकदा जवळच्या गास गावचा एक जण आला. नुकताच फोरमन झालेला, अंगाने धिप्पाड. "सायब, बढती झाली तसा डबा वेगला खातो. आता त्याच दोस्तांना कामावरून बोलायचं म्हंजे..." म्हणता म्हणता तो अडखळला. "रडत नाय मी. पन डोल्यांत पानी येतं, त्याला काय करू?" मामांनी त्याला गॅलरीत नेलं. तिथे मामी कपडे वाळत घालत होत्या. बऱ्याच वेळाने तो आत आला तेव्हा मामांनी पेपर बाजूला ठेवला. "हं, आता तुमचं उद्दिष्ट काय?"

"ते झालं, सायब. उद्यापासून डबा त्यांच्याबरोबरच खातो. मंग बोलेन." आणि वाडीतल्या केळ्यांची सुकेळी टेबलावर ठेवून तो गेला. मामी म्हणाल्या, "आतल्या खुर्च्या विकून टाका. काम सगळं गॅलरीतच होतंय." मामांनी हे आपल्या पद्धतीचं यश मानलं.

मामांची एकुलती एक लेक मुंबईच्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. एका रविवारी मी मामांकडे सुकेळी खात बसलो असताना ती ड्युटीवरून आली आणि थेट कामाच्या खुर्चीत बसली. "बाबा, मी नर्सिंग सोडतेय. आत्ता मुलगी म्हणून बसले नाहीये, तुमच्याकडे सगळे येतात तशी आलेय. विचारा."

मामांनी चष्मा पुसला आणि पोटच्या पोरीला अहोजाहो सुरू केलं. "सोडून तुम्हाला काय साधायचं आहे?"

"परवा वॉर्डातली एक मुलगी गेली," ती म्हणाली. "तिची वेणी रोज मी घालायचे."

मामांचा हात सवयीने वर गेला. तो पाहून ती उठली आणि नियमाप्रमाणे गॅलरीत जाऊन बसली. दारही तिनेच लोटून घेतलं.

मामांनी पेपर उघडला, पण पान काही उलटेना. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग मामा उठले आणि आपली लाकडी खुर्ची उचलून निघाले. ती गॅलरीच्या दारात अडकली, तेव्हा मी हात लावला. ओल्या चादरींखाली ते लेकीशेजारी बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, तिला देतील. त्यांनी आधी स्वतःचेच डोळे पुसले आणि मग तिला दिला.

दोघं आत आली ती पानं वाढल्यावर. "आई, उद्या सकाळची ड्युटी आहे, लवकर उठव," लेक म्हणाली. मामींनी तिच्या ताटात भात जरा जास्तच वाढला.

निघताना मी जिन्यात मामांना विचारलं, "शेवटी कोणता प्रश्न विचारलात तिला?" मामा थांबून आठवू लागले. मग ओशाळून म्हणाले, "अहो जावईबापू, विचारायचं राहूनच गेलं."

ती लाकडी खुर्ची नंतर आत आली नाही. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेक त्याच वॉर्डाची इन्चार्ज आहे. परवा चंदनसारला गेलो होतो. ऑफिसातलं एक दुखणं मामींना सांगता सांगता माझा आवाज कापरा झाला. "चला, बाहेर बसू," त्या म्हणाल्या. मी नायलॉनच्या खुर्चीत बसलो. मामींनी लाकडी खुर्चीवरचे वाळलेले कपडे मांडीवर घेतले आणि शेजारी बसून घड्या घालत राहिल्या. विचारलं काहीच नाही. मला मामांची फार आठवण आली.