भाऊजींचा समझोता

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. भाऊजी खुर्चीवर बसत नसत, नुसते टेकत. जेवताना दोनदा उठून अंगणात चक्कर मारत आणि झोपेतही हात उंचावून काहीतरी मागत, असं ताई सांगे. देवळीच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची युनियन त्यांनी उभी केली, तेव्हापासून जगात त्यांना दोनच जाती दिसत: मालक आणि कामगार. माझ्या लग्नात पंगत उशिरा बसली, तर हे थेट आचाऱ्यांच्या मांडवात शिरले आणि वऱ्हाडी ताटकळलेले असताना आचाऱ्यांना पंखा मिळवून देऊनच बाहेर आले. "त्या भट्टीपाशी उभे राहून पाहा, मंग वरण मांगा," असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना सुनावलं. सासरे पुढे कितीतरी दिवस वरण मागताना आधी माझ्याकडे पाहत. ताईने एकदा चिडून स्वयंपाक बंद ठेवला, तेव्हा भाऊजी केवढे खूश झाले! तिच्या मागण्या नीट मांडून दिल्या, स्वतःविरुद्धची घोषणाही रचून दिली. ताई म्हणाली, "घोषणा नको, भाजी चिरून द्या."

मग जिनिंगचा तो लांबलेला संप आला. मालक यंत्रं दुसऱ्या गावी हलवण्याच्या गोष्टी करू लागला आणि एका दुपारी भाऊजींनी समझोत्यावर सही केली. अर्धे कामगार आत, अर्धे बाहेर. जिनिंग वाचली. पण पुढच्या निवडणुकीत भाऊजींना तिकीट मिळालं आणि प्रचाराला जीप आली ती मालकाची. ते आमदार झाले, बोरगाव मेघेत घर बांधलं. कुणी म्हणे भाऊनं अर्ध्या चुली राखल्या, कुणी म्हणे भाऊ विकल्या गेला. जगातल्या सगळ्या विषयांवर तावातावाने बोलणारे भाऊजी यावर मात्र चकार शब्द काढत नसत. पुढच्या खेपेला ते सपशेल पडले.

मागच्या उन्हाळ्यात एकदा सकाळीच माझ्या दारात येऊन म्हणाले, "गाडी काढ, देवळीले जाऊ." संपानंतर कामाबाहेर राहिलेल्या यमुनाबाईंच्या अंगणात आम्ही पोचलो, तेव्हा त्या खाटेवर कुरडया घालत होत्या. भाऊजी खाटेभोवती फेऱ्या मारू लागले.

"भाऊ, उन्हात काऊन फिरून राह्यले? कुरडया पाडसान."

"यमुनाबाई, तुमी मले कधी इचारलं नाई."

"काय इचारू?"

"मी विकल्या गेलतो काय म्हणून."

यमुनाबाईंचा हात सोऱ्यावर थांबला. "मंग? गेलते काय?"

"सही केली तवा तिकिटाचं कोणी बोललं नोतं," भाऊजी म्हणाले. "पण जीप आली, तवा मी नाई म्हटलं नाई."

"तेच तं," यमुनाबाई म्हणाल्या. "माहा नवरा मरेपर्यंत तुमची बाजू घे. मी नाई घेतली. आजबी नाई घेत." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दोन ताटल्यांत गव्हाचा गरम चीक घेऊन आल्या. भाऊजींची ताटली रिकामी झाली, तशी न विचारता पुन्हा भरली.

परतताना मागच्या सीटवरून भाऊजींनी विचारलं, "तिनं मले माफ केलं काय वं?"

"नाही," मी म्हटलं. "पण चीक दोनदा वाढला."

भाऊजींनी सीटला पाठ टेकली. मग हळूच म्हणाले, "हव. दोनदा वाढला."