चुन्याची फुली

तर आपण चुन्याच्या फुलीपर्यंत आलो होतो. नवी काच बसवली की कारागीर तिच्यावर मोठी फुली मारतो, म्हणजे येणारा-जाणारा कपाळ आपटून घेत नाही. गोटीरामनं जन्मभर नवी मुंबईत अशा फुल्या मारल्या आणि पुसल्या. साताऱ्याकडचं गाव त्यानं सोडलं ते बांधावरून सख्ख्या भावाशी भांडून. दोघंही असे हट्टी, की पीक रानात वाळलं, पोरं अर्धपोटी निजली, पण माघार कुणी घेतली नाही.

करंजाड्यात मुलानं फ्लॅट घेतला, तेव्हा गॅलरीची सरकती काच म्हाताऱ्यानं स्वतः बसवली. काच कसली, पाणीच! सून सुमेधा येईल त्याला कौतुकानं दाखवायची.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळीच काचेवर टकटक सुरू झाली. समोरच्या उंबरावर हरेव्याचं घरटं होतं. अंग पोपटी, गळा काळा, कपाळावर केशरी टिळा, असं एवढंसं ते पाखरू, आणि काचेतल्या स्वतःवरच तुटून पडत होतं. मादी बिचारी एकटीच उंबरं टिपून पिल्लांकडे येरझाऱ्या घालत होती. आणि घरात गोटीराम. चहा निवला, पेपर तसाच राहिला. टाळ्या वाजवून झाल्या. पंचा टांगला, तर पाखरू पंच्याच्या पलीकडे जाऊन भिडलं. दुपारी काचेवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मात्र म्हाताऱ्याला बसवेना. त्यानं चुना कालवला, काच सरकवली आणि बाहेरच्या अंगाला फुली मारली. तर काय, पाखरू फुलीच्या मधल्या मोकळ्या जागेत भांडायला हजर!

मग त्यानं सगळा चुना काचेवर फासला. टकटक थांबली. पाखरू फांदीवर धापा टाकत बसलं, त्यानं इकडंतिकडं बघितलं, एक उंबर तोडलं आणि घरट्याकडे गेलं.

तेवढ्यात सुमेधा पूजेचं सामान घेऊन आली आणि दारातच थबकली. "बाबा, उद्या एवढे पाहुणे येणार, आणि हे काय करून ठेवलंत?"

गोटीराम हात पुसत म्हणाला, "पाव्हण्यांना काचंत पाव्हणंच दिसत्यात, सूनबाई. ह्या पाखराला भाऊबंद दिसतोय. लेकरं उडू देत त्याची, मग मीच पुसतो."