कडेनं धर

आमचे घरमालक काका कुठलाही कागद आधी उजेडाकडे धरत. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, दोन बोटांत कडेला पकडून, एक डोळा मिटून पाहत. मग समोरच्याच्या हातात देताना म्हणत, "कडेनं धर. बोट नको लागू देऊ."

कॉलेजसाठी तांड्यावरून पांढरकवड्याला आलो आणि त्यांच्याकडे खोली घेतली, तेव्हा मला हे विचित्र वाटायचं. नंतर कळलं, ते इथल्या बंद पडलेल्या टॉकीजचे ऑपरेटर होते.

तिथे डाकूंचे, चुडैलींचे, सुडाचे स्वस्त पिक्चर लागायचे. हायवेवरचे ट्रकवाले उघड यायचे, गावातली घरंदाज माणसं तोंड लपवून. रिळं दहा गावं फिरून, ओरखडून इथे पोचायची. काका दुपारभर ती कडेनं धरून, उजेडात बघत मलमलीच्या फडक्यानं पुसत, तुटलेलं जोडत.

"पिच्चर घाण असन बाप्पा," ते म्हणत, "पन माहा पडदा साफ होता."

सगळ्या नोकरीत एकदाच त्यांच्या हातून रीळ अडकून दिव्यापुढे फिल्मची पट्टी जळली. ते सांगून झालं की त्यांचा चहा तसाच राहायचा.

गेल्या वर्षी यवतमाळला एक नवा पिक्चर लागला. त्या जुन्या सवंग पिक्चरांच्या प्रेमापोटी थेट तसाच काढलेला, एवढंच मी वाचलं होतं. वाटलं, काकांना आनंद होईल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये म्हणाले, "कोनाले तरी आठवन आली म्हना."

सुरुवातीपासूनच पडद्यावर रेघा. चित्र उड्या मारायचं, लोक हसायचे.

"कोन हाय वर? पुसत काहून नाही?" काका पुटपुटले. ते सगळं मुद्दाम केलेलं आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण कसं सांगावं ते सुचेना.

मग ऐन मारामारीत चित्र थांबलं. मधोमध तपकिरी भोक पडलं आणि पसरत गेलं.

काका ताडकन उठले. "दिवा बंद कर बे! पट्टी जळून राह्यली!" ओरडत ते मागच्या जिन्याकडे धावले. सगळं थिएटर हसलं.

मी पोचलो तेव्हा ते मशीनच्या खोलीच्या दारावर थापा मारत होते. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"काका, आत कोणी नसते. कॉम्प्युटरवर चालते. ते जळणं पिक्चरातलंच आहे. मुद्दाम केलेलं."

"मुद्दाम?" त्यांचा हात खाली आला. "काहून?"

"जुनं वाटावं म्हणून. लोकायले मजा येते."

 

या दिवाळीनंतर काका गेले. त्याआधी उन्हाळ्यात माझा निकाल लागला होता. आमच्या घरातली कॉलेजची ती पहिली मार्कशीट. काका ओट्यावर भजी खात बसले होते. मी सवयीनं कडेला धरून ती त्यांच्यापुढे केली. त्यांनी घेतली, पण उजेडाकडे धरली नाही. तेलकट अंगठा मधोमध टेकलेला.

"काका, कडेनं," मी हळूच म्हणालो.

"राहू दे," ते म्हणाले. "आता डागाचीच मजा हाय."